सालगड्याचे आईबाप: शोधाची नोंदवही

६ ऑक्टोबर २०२४

सासूबाई मार्चअखेरीस ऐंशीच्या होतायत. त्यांना वस्तू दिली की ती कपाटात जाते आणि तीन वर्षांनी आम्हालाच भेट म्हणून परत येते, त्यामुळे यंदा ठरवलं की वंशावळ द्यायची, त्यांच्या वडिलांच्या बाजूची, नीट लिहून, फ्रेम करून. (तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारते, इथे इंग्लंडात, हल शहरात तसंच चालतं, पण मराठीत लिहिताना हात धजत नाही, म्हणून सासूबाई.) त्यांच्या घराण्याची साखळी ईस्ट रायडिंगमध्ये, म्हणजे यॉर्कशरच्या समुद्राकडच्या भागात, १८५६ मध्ये वारलेल्या एका माणसापर्यंत व्यवस्थित जाते आणि तिथे तुटते. त्याचे आईबाप कोण ते घरात कुणालाच माहीत नाही. तेवढी एक पायरी चढायची, बस.

घरच्यांची अट अशी की नाव, आडनाव, गाव काहीच लिहायचं नाही. ठीक आहे. त्या माणसाला मी सालगडी म्हणणार, कारण सासूबाईंचे वडील सांगायचे की आपले पूर्वज वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतावर राहून काम करायचे. आमच्या परभणीकडे पाडव्याला ज्याचं साल ठरतं तोच हा माणूस, फक्त गोरा. गावं दोन आहेत, शिवेला शीव लागून, त्यांना बुद्रुक आणि खुर्द म्हणते. हे अगदीच ओढूनताणून नाही हां, इथे ग्रेट ड्रिफिल्ड आणि लिटल ड्रिफिल्ड आहे, रस्टन पार्व्हा नावाचं गाव आहे, आणि पार्व्हा म्हणजे लॅटिनमध्ये धाकटं, म्हणजे खुर्दच की.

९ ऑक्टोबर

सरकारी जन्म-मृत्यू नोंद इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ ला सुरू झाली. त्याआधीचं जे काही आहे ते चर्चच्या वह्यांमध्ये. १५३८ मध्ये, आठव्या हेन्रीच्या काळात, त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेलने फर्मान काढलं की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चखालच्या गावाने, बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवायची. आपल्या कोतवाल बुकासारखंच, पण कोतवालाच्या जागी पाद्री. आणि जन्म नाही, बाप्तिस्मा, मरण नाही, दफन, हे सारखं डोक्यात ठेवावं लागतं, कारण पोर पाच दिवसांचं असताना चर्चमध्ये नेलं की पाच वर्षांचं झाल्यावर हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं.

सालगडी १८३७ नंतर वारला म्हणून मृत्यूचं सर्टिफिकेट मागवलं होतं, आलं, बघितलं, उपयोग शून्य. इंग्लंडच्या त्या काळातल्या सर्टिफिकेटवर मोठ्या माणसाच्या आईबापाचं नाव नसतंच. नवरा म्हणाला स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून असतं. मग तिकडे जाऊन मरायला काय झालं होतं त्याला.

सेन्ससमध्ये सापडला. १८४१ च्या सेन्ससमध्ये वय ५०, पण त्या वर्षी पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची असा नियम होता, म्हणजे ५० ते ५४ काहीही. धंदा शेतमजूर. १८५१ मध्ये वय ६३ आणि जन्मगाव स्पष्ट लिहिलेलं, बुद्रुक. ३० मार्चच्या रात्रीची मोजणी, म्हणजे जन्म मार्च १७८७ ते मार्च १७८८ च्या मधला. दफनाच्या नोंदीत ६९ लिहिलंय म्हणजे एखाद्या वर्षाने मागे जातं. खिडकी छोटी आहे, सोपं जाणार असं वाटतंय.

१३ ऑक्टोबर

मिळाला! बुद्रुकचा बाप्तिस्मा, ३० डिसेंबर १७८७, नाव तेच, आडनाव तेच, बापाचं नाव आहे, आईचंही आहे. आणि ऑनलाइन कुणीतरी आधीच करून ठेवलेल्या वंशवृक्षात हेच आईबाप लावलेत, एक नाही तीन झाडांवर. म्हणजे पक्कंच. आठ दिवसांत काम संपलं, उगाच सहा महिने धरले होते. रात्रीच चार्ट बनवला आणि फ्रेमवाल्याला पाठवून दिला. मार्चपर्यंत कोण थांबतंय, दिवाळीतच देते, वाढदिवसाला दुसरं बघू.

२ नोव्हेंबर

पाडवा. सासूबाई जेवायला होत्या. चकलीला त्या दर वर्षी चक्रं म्हणतात आणि दर वर्षी डबा घेऊन जातात. फ्रेम दिली. बराच वेळ बघत बसल्या, सालगड्याच्या वरच्या त्या दोन नव्या नावांवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, मग डोळे पुसले. फ्रेम हॉलमध्ये टीव्हीच्या वर लागली पण.

९ नोव्हेंबर

आज बेव्हर्लीला ट्रेझर हाउसमध्ये गेले होते, ईस्ट रायडिंगचं दफ्तर तिथे असतं, हलहून ट्रेनने पाव तासाच्या आसपास. काम काहीच नव्हतं खरं तर, त्या बाप्तिस्म्याच्या पानाची चांगली प्रत हवी होती, फ्रेमच्या मागे चिकटवायला. पान आलं, प्रत काढली, आणि सहज, अगदी सहज, पुढे सरकवत गेले. १८१३ च्या आधीच्या वह्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी बाप्तिस्मे आणि दफनं एकाच वहीत असतात. जानेवारी १७८८ च्या दफनांमध्ये एक ओळ. तेच नाव. तेच आडनाव. अमक्याचा मुलगा, अमका म्हणजे तोच बाप. आणि शेवटी एक शब्द, तान्हा.

२४ जानेवारी. बाप्तिस्म्याला चार आठवडेसुद्धा पुरते झाले नव्हते.

म्हणजे टीव्हीच्या वर आपण एका अशा पोराला सालगडी म्हणून लावलंय जे महिन्याभरात गेलं. ज्याचं लग्न झालं नाही, ज्याला सहा मुलं झाली नाहीत, ज्याचं रक्त सासूबाईंमध्ये असणं शक्यच नाही. तीन झाडांवर हीच चूक आहे कारण तिघांनीही फक्त बाप्तिस्मे शोधले, एकाने दुसऱ्याचं उचललं, दुसऱ्याने तिसऱ्याचं आणि चौथी मी. नाव जुळलं, वर्ष जुळलं, की आपण नाचायला लागतो. पोरगं जगलं का हे कुणी बघायचं?

परतीच्या ट्रेनमध्ये एक पळवाट सुचली. त्या काळी पोर गेलं की पुढच्या पोराला तेच नाव द्यायची पद्धत होती, सर्रास. म्हणजे त्याच आईबापांना १७८९-९० मध्ये त्याच नावाचा दुसरा मुलगा झाला असेल तर फ्रेम बरोबरच राहते, फक्त तारीख बदलायची.

१२ नोव्हेंबर

नाही झाला. पुढची मुलगी, आणि मुलीनंतर दहा दिवसांनी आईचं दफन. बापाने नंतर लग्न केलेलं दिसत नाही. पळवाट बंद.

१६ नोव्हेंबर

सासूबाईंना सांगितलं. दोन दिवस नवऱ्याला पुढे घालायचा विचार चालला होता पण म्हणलं चूक आपली, आपणच जावं. सांगताना मी फ्रेम काढायला उठले सुद्धा. त्या म्हणाल्या, राहू दे. त्या बाळाची आठवण कुणी काढली असेल गेल्या सव्वादोनशे वर्षांत? राहू दे थोडे दिवस भिंतीवर, मार्चला बदल.

आता तर करायलाच पाहिजे.

२३ नोव्हेंबर

आज जुना मार्टिनमस. सेंट मार्टिनचा दिवस खरा ११ नोव्हेंबर, पण १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं, सप्टेंबरातले अकरा दिवस गायब केले, २ तारखेनंतर थेट १४, आणि ईस्ट रायडिंगमधल्या शेतकऱ्यांनी गड्यांच्या बाबतीत जुनीच तारीख धरून ठेवली, ती पुढे २३ नोव्हेंबरला स्थिरावली. या दिवशी सालं संपायची, वर्षाचे पैसे हातात पडायचे आणि बाजाराच्या गावी गड्यांचा बाजार भरायचा, पोरं-पोरी रांगेत उभे, मालक बघून ठरवणार, ठरलं की हातावर एक नाणं, म्हणजे आपला विसार. नाणं घेतलं की वर्षभर बांधील. बारा-तेरा वर्षांची पोरंसुद्धा. परभणीकडचा पाडवा मला आज फार आठवला. ठरवताना मालक बैलाकडे बघतो तसा गड्याकडे बघायचा हे मी लहानपणी आजोबांच्या ओट्यावर पाहिलंय.

हे लिहायचं कारण, सालगडी खरंच सालगडी असेल तर तो दर वर्षी गाव बदलत असणार, म्हणजे त्याची नोंद एकाच गावात शोधणं हाच मूर्खपणा होता.

१ डिसेंबर

लग्न परत बघितलं. १८११, बुद्रुक. लग्नांचं एक बरं आहे, लॉर्ड हार्डविकचा कायदा १७५३ चा, २५ मार्च १७५४ पासून लागू, त्यानंतर लग्नाची नोंद ठराविक नमुन्यात, नवरा-नवरीची सही किंवा फुली, साक्षीदार, बॅन्स झाले की लायसन्स घेतलं हे सगळं येतं. बॅन्स म्हणजे तीन रविवार चर्चमध्ये मोठ्याने विचारायचं की या दोघांच्या लग्नाला कुणाची हरकत आहे का. पण आईबापाचं नाव? नाही. ते १८३७ नंतर, आणि तेही २०२१ पर्यंत फक्त बापाचं.

दोघेही "याच पॅरिशचे" असं लिहिलंय. त्याचा अर्थ तिथे जन्मले असा नाही, त्या वेळी तिथे राहत होते एवढाच. दोघांच्याही फुल्या, त्याची फुली वाकडी, तिची ठाशीव. साक्षीदार दोन. पहिल्या साक्षीदाराच्या सहीवर मी आधी खूप वेळ घालवला, काका असेल, मामा असेल, मग मागची-पुढची पानं बघितली तर हा बाबा प्रत्येक लग्नाला हजर. पॅरिशचा क्लार्क. दुसरा मात्र त्या एकाच लग्नात आहे, सही स्वच्छ, आडनाव वेगळंच, नवरीकडचंही नाही. ते आडनाव मागच्या कव्हरवर लिहून ठेवलंय.

१४ डिसेंबर

थंडी, सर्दी, ऑफिसचं रिलीज. काही नाही केलं.

१८ जानेवारी २०२५

आज सोनं सापडलं. पुन्हा ट्रेझर हाउस, पण या वेळी रजिस्टर नाही, पॅरिशच्या पेटीतले इतर कागद मागवले. प्रत्येक चर्चमध्ये एक भक्कम लाकडी पेटी असायची, तीन कुलपांची, एक किल्ली पाद्र्याकडे, दोन चर्चवॉर्डनांकडे (चर्चचे गावातले कारभारी), म्हणजे एकट्याने कुणी उघडू नये. त्यात रजिस्टरं आणि गरिबांच्या पोटगीचे सगळे कागद.

१६६२ च्या कायद्याने असं होतं की माणूस अडचणीत आला तर त्याला पोसायची जबाबदारी त्याच्या "हक्काच्या" पॅरिशची. मग दोन पॅरिशमध्ये मारामारी, हा तुमचा, नाही तुमचा. म्हणून त्या माणसाला दोन मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून शपथेवर विचारायचे, कुठे जन्मलास, कुठे चाकरी केलीस. लग्न न झालेल्या गड्याने एका मालकाकडे पूर्ण एक वर्ष चाकरी केली की त्या गावात त्याचा हक्क तयार व्हायचा, म्हणून काही मालक बेरकीपणे एक्कावन्न आठवड्यांचीच बोली करायचे. आपल्याकडचा अकरा महिन्यांचा करार आठवला, माणूस कुठेही सारखाच.

तर सालगड्याची अशी एक जबानी आहे. १८१९ ची. मूळ कागद दिला हातात, तीन घड्या घातलेला, घडीवर काळा पडलेला, शाई तपकिरी. पेन आत नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल, आणि माझी पेन्सिल उतरवून घेताना दोनदा मोडली. वय सुमारे ३१, बायको आणि चार मुलं. तो म्हणतो, म्हणजे कारकून लिहितो, की त्याने ऐकलं आहे आणि त्याचा विश्वास आहे त्याप्रमाणे त्याचा जन्म खुर्दचा. आई लहानपणीच वारली, तेव्हापासून तो बुद्रुकला चुलत्याकडे वाढला. तेराव्या वर्षी मार्टिनमसला तिसऱ्याच एका गावात एका शेतकऱ्याकडे वर्षाने राहिला, तीन पौंडांवर. मग आणखी दोन मालक. शेवटी बुद्रुकमध्येच पूर्ण वर्ष, चौदा पौंड, तेव्हा अविवाहित होता. त्यानंतर हक्क मिळेल असं काही केलं नाही. खाली फुली. तीच वाकडी फुली, १८११ सारखी, एक रेघ लांब आणि खाली ओढलेली.

मी त्या फुलीकडे किती वेळ बघत होते माहीत नाही. शेजारचे आजोबा म्हणाले, काही सापडलं वाटतं. मी मान हलवली, आवाज फुटला नसता.

म्हणजे १८५१ मध्ये मोजणीवाल्याला तो बुद्रुक म्हणाला कारण तेच त्याचं गाव, तिथेच त्याला समज आली. खोटं नाही बोलला. कुठला रे तू विचारलं तर मीही परभणीच सांगते, जन्म माझा नांदेडच्या दवाखान्यातला आहे.

२५ जानेवारी

खुर्दचं रजिस्टर. १७८६ ते ८९ ची पानं ओल लागून गेलीत, वरचा अर्धा भाग तपकिरी ढगासारखा, त्यात अधूनमधून एखादं अक्षर. वाचायला आधीच त्रास, इंग्रजी एस एफसारखा दिसतो, नावं तोडलेली, जॉनचं जे-एन-ओ, विल्यमचं डब्ल्यू-एम, ख्रिस्तोफर तर एक्सने सुरू. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींची धांदल चालली होती तेव्हा माझा चुलतभाऊ मोडी वाचणारा माणूस शोधत तहसीलच्या चकरा मारत होता, मी फोनवर हसले होते त्याला. आता कळतंय.

नोव्हेंबर १७८७ मध्ये ढगाच्या कडेला सालगड्याचं नाव आहे. पहिलं नाव पूर्ण, आडनावाची शेवटची चार अक्षरं, आणि लांब समासात बारीक "पी". बाकी गेलं. बाप नाही, आई नाही. अडीच महिन्यांनी गाव सापडलं आणि त्याच गावात पाणी गळत होतं.

२८ जानेवारी

"पी" कळला. १७८३ मध्ये सरकारने, अमेरिकेच्या युद्धात खजिना रिकामा झाल्यावर, प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदीवर तीन पेन्स कर लावला, १ ऑक्टोबरपासून. १७९४ ला उठवला. गरिबांना माफ, त्यांच्या पुढे पॉपरचा "पी". म्हणजे बाप तीन पेन्स द्यायच्या स्थितीत नव्हता किंवा पाद्री दयाळू होता. दोन्हीही असेल.

मग सप्टेंबर १७८३ चं पान बघितलं, ते कोरडं आहे. कर लागायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी, २८ तारखेला, चर्चमध्ये झुंबड उडालेली दिसते, एरवी महिन्याला दोन-तीन बाप्तिस्मे आणि त्या दिवशी नऊ. त्यात आपलं आडनाव! दोन पोरं एकदम, एक मुलगी, एक मुलगा, बाप मजूर. सालगड्याची थोरली भावंडं असतील का ही? बहुतेक, पण बहुतेकवर मी एकदा फ्रेम केलीय.

१५ फेब्रुवारी

यॉर्क. युनिव्हर्सिटीत बोर्थविक इन्स्टिट्यूट आहे, यॉर्कच्या बिशपखात्याचं जुनं दफ्तर तिथे. प्रत्येक पॅरिशने वर्षभराच्या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवायची असा नियम सोळाव्या शतकाच्या शेवटापासून होता, म्हणजे खुर्दची वही भिजली तरी तिची नक्कल यॉर्कला कोरडी असू शकते. मायक्रोफिल्म. हँडल फिरवून फिरवून मनगट दुखायला लागलं. १७८५, १७८६, मग १७८७.

आणि पान उघडलं ते वेगळंच. नेहमीची एक ओळ नाही, रकाने आखलेले. हे मला वाचून माहीत होतं पण खुर्दसारख्या गावात असेल असं स्वप्नातही नव्हतं. यॉर्कचा एक पाद्री होता, विल्यम डेड, त्याला वाटलं की नुसतं अमक्याचा मुलगा अमका लिहून काय होणार, पुढच्यांना घराण्यं कशी कळणार, म्हणून १७७० च्या दशकात त्याने आपल्या चर्चमध्ये भलीमोठी नोंद सुरू केली. मूल कितवं, बापाचं नाव, धंदा, राहणं कुठे, बापाचा बाप कोण आणि कुठला, आईचं नाव, आईचा बाप कोण, त्याचा धंदा, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख. १७७७ मध्ये आर्चबिशप मार्कमनी ही पद्धत सगळ्या यॉर्क बिशपखात्यात चालवायला सांगितली. बरेच पाद्री वैतागले, एवढं कोण लिहीत बसणार, मोठ्या गावांत तर अशक्यच, काहींनी केलं, काहींनी चार वर्षांत सोडलं. डेड स्वतः १७९० मध्ये गेला. मराठीत त्याचं नाव लिहिलं की भलताच अर्थ निघतो, पण मेलेल्यांसाठी एवढं काम केलेला माणूस दुसरा नसेल.

आणि खुर्दचा पाद्री लिहिणाऱ्यांपैकी होता. देव त्याचं भलं करो.

जसंच्या तसं मराठीत लिहून ठेवते. दुसरा मुलगा. जन्म १४ नोव्हेंबर, बाप्तिस्मा १८ नोव्हेंबर १७८७. बाप, खुर्दमधला मजूर, अमक्या विणकराचा मुलगा, विणकराचं गाव सहा मैलांवरचं. आई, अमक्या मेंढपाळाची मुलगी, मेंढपाळाचं गाव वोल्ड्सच्या टेकड्यांवरचं. आणि त्या मेंढपाळाचं आडनाव मी दोनदा वाचलं, मग वही उलटी करून मागचं कव्हर बघितलं. १८११ च्या लग्नातला दुसरा साक्षीदार. आडनाव तेच.

म्हणजे लग्नाला मामाकडचं कुणीतरी आलं होतं. आई जाऊन वीसेक वर्षं झालेली, पोरगं चुलत्याकडे वाढलेलं, गावोगाव चाकरी केलेलं, आणि तरी तिच्या माहेरचा एक माणूस बुद्रुकला येऊन सही करून गेला. या एका सहीमुळे मला ती घरं खरी वाटायला लागली.

कँटीनमध्ये नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, आधी सांग हे पोरगं मेलं का ते बघितलंस का. हुशार झालाय.

१ मार्च

बघितलं. खुर्दची दफनं १७८७ ते १८१२, रजिस्टर आणि नक्कल दोन्ही, ओळ अन् ओळ. या नावाचं पोर नाही. त्याची आई १७९१ मध्ये, जबानीशी जुळतं. बापही चार वर्षांनी. शेजारच्या पाच पॅरिशमध्ये याच नावाच्या माणसाचं दुसरं लग्न किंवा दफन आहे का तेही काढलं, एक निघाला, पण तो १८११ मध्ये साठीचा होता. कंटाळवाणं काम, दोन रविवार गेले, पण ऑक्टोबरात हे केलं असतं तर फ्रेमवाल्याचे पैसे वाचले असते.

८ मार्च

शेवटचा धागा, विणकराचं गाव. त्याचे मुलगे हवे होते, कारण सालगडी ज्या चुलत्याकडे वाढला तो कोण? विणकराच्या धंद्यासकट नोंदी आहेत तिथे, नशीब. एक मुलगा १७५६ चा, त्याचं नाव सालगड्याच्या बापाचं. त्याच्या वरचा एक, फेब्रुवारी १७४९, जे खरं १७५०, कारण तेव्हा इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. मला हे समजायला काही वेळ लागला नाही, आपल्या शकात माघ-फाल्गुन जुन्याच वर्षात जातात तसंच. इथली मंडळी यावर डोकं धरून बसतात.

त्या थोरल्याचं नाव वाचून मात्र मी डोकं धरलं. ते टीव्हीच्या वर आहे. फ्रेममधला बाप.

जबानीतला बुद्रुकचा चुलता हाच. दोघं भाऊ, दोन शेजारच्या गावांत, सहा आठवड्यांच्या अंतराने दोघांना मुलगा, दोघांनीही नाव ठेवलं ते विणकर आजोबांचं. थोरल्याचं पोर महिन्याभरात गेलं, मग त्याची बायकोही गेली. धाकट्याचं राहिलं, पण त्या पोराची आई गेली तेव्हा ते थोरल्याकडे आलं, त्याच घरात, त्याच नावाचं. त्या माणसाला हाक मारताना काय वाटत असेल याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही, डेडच्याही नाही.

भावाभावांचं नातं थेट लिहिलेला एकही कागद नाही हे इथे नमूद करते. विणकराचं नाव, दोन मुलगे, जबानीतला चुलता, बुद्रुकमध्ये त्या आडनावाचं दुसरं घर नसणं, एवढ्यावर मी हे धरतेय. आईबाप मात्र पक्के.

३० मार्च

गुढीपाडवा, इथला मदर्स डे आणि घड्याळं एक तास पुढे, तिन्ही एकाच दिवशी, त्यामुळे गुढी उभारायला उशीर झाला आणि श्रीखंडाचं दही रात्रीच टांगलं होतं म्हणून वाचलो. वाढदिवस परवाच झाला पण पाहुणे आज होते.

नवी फ्रेम दिली. सालगड्याच्या वर मजूर आणि मेंढपाळाची मुलगी, त्यांच्या वर विणकर आणि मेंढपाळ. बाजूला एक फांदी, थोरला भाऊ, त्याची बायको, आणि त्यांचं बाळ, दोन तारखांसकट. जुनी फ्रेम काढायला मी स्टुलावर चढले तर सासूबाई म्हणाल्या, आता हे चूक कुठे आहे, आपलीच माणसं आहेत की. दोन्ही लागल्या. टीव्ही छोटा दिसायला लागलाय.

जेवताना त्यांनी विचारलं, मेंढपाळाची बायको कोण? रकान्यात तिचं नाव नाही, फक्त बापाचं आहे. म्हणाल्या, बघ बरं.

करायचं: मेंढपाळाचं लग्न, टेकडीवरचं गाव, अंदाजे १७५० ते ६०. १७५४ च्या नंतरचं असेल तर सही किंवा फुली मिळेल. आधीचं असेल तर एक ओळ, तीही नशिबात असेल तर. बोर्थविकची वेळ मागून ठेवली, २४ एप्रिल. पेन्सिली चार न्यायच्या.